साहेबाची डोण

१

कल्याण स्टेशनाच्या मागे मालधक्क्याला लागून एक कौलारू वखार होती. डोंगरावर जाणाऱ्या साहेबलोकांचं सामान तिथं उतरायचं. मी, गुणाजी, त्या वखारीतल्या हमालांचा मुकादम. आगगाडी घाट चढायला लागून तेव्हा बारा-तेरा वर्षं झाली असतील. साहेबानं निरोप धाडला की मी बारा माणसं जमवायची, सामानाची बांधणी करायची, आणि निघण्याच्या आदल्या दिवशी तुळईला टांगलेल्या काट्यावर एकेक ओझं तोलायचं. माणशी पंचवीस शेर. त्याच्या वर मी जाऊ द्यायचो नाही, आणि याचा मला अभिमान होता.

त्या पौषात विल्टन साहेबाचं सामान आलं होतं. विल्टन ठाण्यात व्यापार करायचा. पंधरा वर्षं इथं काढल्यामुळे मराठी चांगलं बोलायचा. मलंगच्या डोंगररांगेत एक सुळका आहे, त्याला आम्ही नुसतं 'उभा' म्हणायचो. त्याच्यावर पहिलं पाऊल आपलं पडावं एवढाच साहेबाचा ध्यास. त्यासाठी तंबू, लोखंडी खाट, सोड्याच्या बाटल्या आणि आंघोळीचा पत्र्याचा टब, सगळं वर न्यायचं. टबाला आम्ही डोण म्हणायचो. गुरांना पाणी पाजतात तसलीच दिसायची ती, फक्त आतून पांढरा रंग दिलेला.

तंबू तोलला, पंचवीस. खाट तोलली, चोवीस. मग डोण पारड्यात ठेवली. ती रिकामी बारा शेर भरते, हे मला गेल्या वर्षापासून तोंडपाठ होतं. समोर बारा शेरांची वजनं टाकली. डोणीचं पारडं जागचं हललं नाही. आणखी दोन टाकली, आणखी चार. अठरा शेरांवर काटा कसाबसा सरळ झाला.

मी डोण उलटी करून पाहिली. आत काही नव्हतं. काट्याला गंज चढला असेल म्हणून खुंटीला तेल घातलं. तंबू पुन्हा तोलला. पंचवीस. डोण पुन्हा तोलली.

अठराच.

दारातून सकाळचं ऊन आत आलं होतं. धक्क्यावर डबे एकमेकांना लागत होते, कुणीतरी कुणाला तरी हाका मारत होतं. अशा भर उजेडात माणूस घाबरत नाही. पत्र्याला पुन्हा रंग दिला असेल, रंगाचंही वजन असतंच, असं मी मनाशी म्हटलं. सहा शेर रंग! पण त्या घडीला मला ते पटलं, कारण पटवून घ्यायचंच होतं.

२

गेल्या वर्षी ती डोण परशुराम वाहत होता.

परशुराम कोपरीचा, मिठागरात राबणारा. पावसाळ्यानंतर डोंगराची कामं धरायचा. अंगानं काटकुळा, पण चढावर त्याला दम लागलेला मी कधी पाहिला नाही. उभ्याच्या खाली एक खिंड आहे. सुळका सर न होताच परत उतरताना तिथं त्याचा पाय घसरला आणि नडगीचं हाड मोडलं. आम्ही त्याला कातळाला टेकवून बसवलं. दोन बांबू आणि एक घोंगडी घेऊन चौघांनी त्याला सहज खाली आणला असता. पण चौघे त्याच्याकडे गेले की चार ओझी वर राहत होती.

साहेबानं घड्याळ पाहिलं. "याला पाणी द्या, घोंगडी द्या. उद्या माणसं पाठवतो," तो म्हणाला. मग माझ्याकडे वळला. "आणि ती डोण दुसऱ्या कुणाला तरी दे."

मी दिली. धोंडीबाच्या डोक्यावर माझ्या हातानं चढवली.  मी वळताना परशुरामनं विचारलं, "मुकादम, उद्या नक्की ना?"

"नक्की," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही पोचलो तेव्हा खिंडीत परशुराम नव्हता. घोंगडीची घडी तशीच होती. पाण्याचा भोपळा काठोकाठ भरलेला, एक घोटसुद्धा कमी नाही. रक्त नाही, फरफटल्याची खूण नाही. मोडक्या पायाचा माणूस कुठं जाणार? दोन दिवस आम्ही दऱ्या धुंडाळल्या. वाघानं नेला असेल, असं साहेब म्हणाला आणि विषय मिटला. त्याच्यापुरता.

डोण खाली आली होती. परशुराम वर राहिला.

मी अजून काट्याजवळच उभा असताना दारात सावली पडली. परशुरामची बायको आवडाबाई आली होती. लुगड्याचा काचा मारलेला, हातात चुंबळ, बगलेत एक गोधडी. आणि दोन्ही हातांत हिरव्या बांगड्या.

"मुकादम, त्याच्या जागी मी येनार," ती म्हणाली.

"आवडाबाई, डोंगरावर बायका नेत नाहीत."

"मिठाच्या पाट्या कोन उचलतं मंग? मिठागरात अर्ध्या बायाच हायेत."

"तिथं जाऊन काय करणार आहेस तू?"

तिनं बांगड्यांचे हात माझ्यापुढे धरले. "वरीस झालं. अख्खा गाव बोलतो, फोड बांगड्या. मी बोलते, मडं दाखवा, मंग फोडीन. तुमी त्याला जित्ता नेला. मला जित्ता नको, मेलेला द्या. पन द्या."

तिच्याकडे बघणं मला जमेना. डोणीकडे बघणंही जमेना. मग बघायचं तरी कुठं?

"उद्या पहाटे ये," मी म्हणालो.

३

दिवस उजाडता आम्ही निघालो. साहेब तट्टावर पुढे, मागे रांगेनं हमाल. डोण धोंडीबाच्या डोक्यावर होती. धोंडीबा शहाडचा, नदीवर नावेतून पोती उतरवून तयार झालेला गडी. अख्ख्या वखारीत त्याच्या ताकदीचा दुसरा नव्हता.

नेवाळीच्या माळावर पोचेपर्यंत त्याची मान घामानं भिजली होती. पौषातली थंडी, आणि त्याच्या कपाळावरून धारा वाहत होत्या. त्यानं डोण खाली ठेवली. पत्र्याचं रिकामं भांडं दगडावर टेकलं की खणकन वाजतं. ती वाजली नाही. भरलेलं पोतं टेकवावं तसा दबका आवाज आला.

धोंडीबानं माझ्याकडे पाहिलं. "मुकादम, यात कोण आहे?"

"काय आहे म्हण," मी हसून म्हणालो.

तो हसला नाही. आपण 'कोण' म्हणालो हे त्याच्या ध्यानातही आलं नसावं. "सकाळी एवढी जड नव्हती," तो म्हणाला. "चालता चालता भरत गेली."

"थकलास म्हणून वाटतं."

"मी?" एवढंच म्हणून तो बाजूला जाऊन बसला.

सगळे तंबाखू मळत सावलीत बसले, तेव्हा मी एकटा डोणीजवळ गेलो. बोटानं टकटक केलं. आवाज पत्र्यासारखाच आला. मग तळाला हात लावला, आणि झटकन मागे घेतला.

तळ ऊबदार होता. डोण वडाच्या सावलीत होती, पत्रा बर्फासारखा थंड लागायला हवा होता. पण ती ऊब उन्हाचीही नव्हती. पहाटे कुणी अंथरुणातून उठून गेलं की त्या जागी मागे राहते, तशी होती. मी पुन्हा हात लावला, जरा वर, काठाजवळ. तिथं थंडगार. ऊब फक्त तळाला, आणि टेकायला पाठ जिथं येईल तिथं.

धोंडीबाचं डोकं डोणीला लागत होतं ना, त्याच्या अंगाची ऊब असेल, मी स्वतःला सांगितलं. मग आठवलं, धोंडीबाच्या डोक्यावर डोण उपडी होती. डोकं लागत होतं ते मधोमध. पाठीच्या जागी नाही.

वर पाहिलं तर आवडाबाई समोर उभी होती. मी काय करत होतो ते तिनं पाहिलं होतं.  ती वाकली, तळाला तळवा टेकवला आणि बराच वेळ तसाच ठेवला. ताप बघताना आई पोराच्या पोटावर ठेवते तसा.

पुढं डोण बांबूला बांधून दोघांनी नेली. संध्याकाळी पायथ्याच्या पठारावर तंबू पडला. साहेबानं आंघोळीला पाणी तापवायला सांगितलं, आणि डोणीत पाणी ओतायला एकही हमाल पुढे झाला नाही. मीही झालो नाही. पाणी थंड झालं. साहेब चिडून तसाच जेवायला बसला.

४

दुसऱ्या दिवशी नऊ-दहाच्या सुमाराला आम्ही खिंडीत पोचलो. लख्ख ऊन पडलं होतं. खाली खाडीपर्यंतचा मुलूख दिसत होता, मिठागरं आरशाच्या तुकड्यांसारखी चमकत होती. वारा अजिबात नव्हता.

परशुराम ज्या कातळाला टेकून बसला होता, त्याच्यासमोर दोघांनी डोण टेकवली. दम खाल्ला आणि उचलायला वाकले. डोण उठेना. धोंडीबा तिसरा लागला, मी चौथा. आम्ही चौघांनी श्वास कोंडून जोर लावला, बांबू वाकून करकरला. डोण कातळातून उगवल्यासारखी जागच्या जागी.

"काय झालं?" साहेब वरून ओरडला.

"डोण उचलवत नाही, साहेब."

तो खाली आला. डोणीत डोकावला, ती रिकामी पाहिली आणि त्याचा चेहरा लाल झाला. "रिकामा टब चौघांना उचलवत नाही? नाटकं करता?" त्यानं धोंडीबाच्या खांद्यावर छडी मारली. ती काही फार जोरात नव्हती. बैलाला हाकताना मारतात तशी, सवयीनं मारलेली.

गेल्या वर्षी मी याच जागी उभा होतो. याच माणसानं असंच काही सांगितलं होतं आणि मी मान हलवली होती. आता मला परशुरामचा प्रश्न ऐकू आला असं म्हटलं तर खोटं होईल. काही ऐकू आलं नाही. फक्त लाज वाटली. 

माझ्या दंडाला मुकादमाचा पितळी बिल्ला बांधलेला होता. तो मी सोडला आणि साहेबाच्या पायाशी ठेवला.

"आता पुढं सामान जाणार नाही," मी म्हणालो.

"काय म्हणालास?"

"गेल्या वर्षी इथं आमचा माणूस बसवून आम्ही तुमचा टब खाली नेला. माझ्या हातानं नेला. या वर्षी माणूस नेणार. टबाचं काय करायचं ते तुमचं तुम्ही बघा."

"माणूस? कुठाय माणूस?"

 माझ्या पाठीमागे तंबूचं ओझं खाली पडल्याचा आवाज झाला. मग खाटेचा. मग बाटल्यांची पेटी. एकामागून एक सगळी ओझी खिंडीत उतरली. कुणी कुणाला खूण केली नव्हती. धोंडीबा खांदा चोळत माझ्या शेजारी येऊन उभा राहिला.

"तुरुंगात घालीन एकेकाला," साहेब म्हणाला. "कल्याणात पुन्हा काम मिळणार नाही."

"नको मिळू दे," धोंडीबा म्हणाला.

साहेबानं आमच्याकडे आळीपाळीनं पाहिलं. मग पाण्याची बाटली खांद्याला अडकवली, छडी घेतली आणि एकटाच सुळक्याकडे चढायला लागला. कातळाच्या वळणामागे तो दिसेनासा झाला. काही वेळ त्याच्या बुटांखालचे खडे गडगडत राहिले. मग तेही थांबलं.

आम्ही बसून होतो.  एवढ्यात वरून साहेबाचा आवाज आला. ओरडण्याचा नव्हे. समोर बसलेल्या माणसाशी आपण बोलतो तसा, हळू, समजुतीचा.

"उद्या. उद्या माणसं पाठवतो."

मग थोडी शांतता. ऐकून घ्यायला लागते तेवढी.

"हो. नक्की. उद्या नक्की."

पुन्हा शांतता. पुन्हा तेच. धोंडीबानं माझं मनगट घट्ट धरलं.

"जाऊ द्या त्याला, मुकादम," मागून कुणी तरी म्हणालं. "राहू दे वर. कळू दे."

आवडाबाई गर्रकन वळली. "त्याला आना खाली," ती म्हणाली. "त्यानं केलं ते आपन करायचं काय?"

मी आणि धोंडीबा गेलो. वळण घेतलं तर साहेब कातळासमोर गुडघ्यांवर बसला होता. बाटलीचं बूच काढून ती त्यानं पुढे धरली होती, पाणी पाजायला धरतात तशी. समोर नुसता उघडा कातळ. पण बाटलीतलं पाणी जमिनीवर सांडलेलं नव्हतं, आणि बाटली रिकामी झाली होती. त्यानं स्वतः प्यायलं असेल. असेलच.

आम्ही त्याला काखेत हात घालून उठवलं. तो मुकाट्यानं आला. खिंडीत आल्यावर त्यानं सगळ्यांकडे पाहिलं.

आवडाबाईनं तोवर डोणीत गोधडी अंथरली होती. अर्धी खाली, अर्धी पांघरायला वर.

"आता उचला," ती म्हणाली.

चौघांनी बांबू खांद्याला लावला. डोण उठली. जड होती, पण उचलण्यासारखी जड. आवडाबाईनं एका बाजूनं खालून हात लावून अंदाज घेतला.

"माज्या घोवायवढी," ती म्हणाली आणि पुढे चालू लागली.

५

सगळं सामान खिंडीतच राहिलं. उतारावर मी बांबूच्या मागच्या टोकाला होतो, म्हणून डोण सारखी माझ्या डोळ्यांपुढे होती. गोधडी वर ताणलेली. तिच्याकडे बघायचं नाही असं मी ठरवलं होतं. पावलांकडे बघत होतो, दगडांकडे, धोंडीबाच्या पाठीकडे.

मधे एक निसरडी उतरंड आहे. पुढच्यांचे पाय एकदम खाली गेले, डोण पुढे कलली, आणि मी घाईनं वर पाहिलं.

गोधडीच्या कडेखालून चार बोटं बाहेर आली होती. पत्र्याचा काठ त्यांनी घट्ट धरला होता. उतारावर डोलीत बसलेला माणूस धरतो तसा. नखांच्या खाचांत पांढरं होतं. मिठागरात राबणाऱ्यांच्या नखांत असतं तसं.

मी ओरडलो नाही. बांबूही सोडला नाही. माझ्या तोंडून आपोआप निघालं, "सांभाळून रे पुढं. हळू. त्याला हिसका बसतोय."

"होय," धोंडीबा मागे न बघता म्हणाला.

पायवाट सपाट झाली तेव्हा मी पुन्हा पाहिलं. काठावर काही नव्हतं. गोधडीची कड वाऱ्यानं हलत होती, आणि खरं सांगायचं तर तेव्हा थोडा वारा सुटलाही होता. एवढ्या माणसांत ते एकट्या मीच पाहिलं, म्हणजे पाहिलं नाही असंही म्हणता येईल. मी तसं म्हणत नाही.

साहेब आमच्या मागून पायी येत होता. तट्टू पायथ्याशी उभं होतं, तरी तो त्यावर बसला नाही.

वाटेत एक मुक्काम करून आम्ही कोपरीला खाडीकाठी पोचलो ती दुसऱ्या दिवसाची दुपार होती. आवडाबाईच्या भाऊबंदांनी लाकडं रचून ठेवली होती. त्यांना निरोप कुणी दिला, मला माहीत नाही. आम्ही डोण खाली टेकवली. ती खणकन वाजली. आवडाबाईनं गोधडी उचलली, जशी होती तशी, न उघडता, दोन्ही हातांवर आडवी घेतली. गोधडी मधे वाकली होती. तिनं ती चितेवर ठेवली, आग दिली, आणि मग दगडावर हात आपटून बांगड्या फोडल्या. तेव्हा कुठं ती रडली. इतक्या मोठ्यानं रडली की मिठागरातली माणसं कामं टाकून बांधावर येऊन उभी राहिली.

६

पंधरा दिवसांनी विल्टनचा कारभारी दौलत वखारीत आला. साहेब आजारी आहे, विलायतेला जाणार आहे, पण त्याचे दोन स्नेही डोंगरावर निघालेत, सामान आलंय, बारा हमाल काढ, असं त्यानं फर्मावलं. माझ्या दंडाला बिल्ला नव्हता. नवा मुकादम नेमायला माणूस मिळत नव्हता, म्हणून तो माझ्याशीच बोलत होता.

सामान धक्क्यावर पडलं होतं. हमाल वखारीच्या पायरीवर ओळीनं बसले होते. आवडाबाई त्यांच्यात, चुंबळ मांडीवर घेऊन.

"उचला," दौलत म्हणाला.

कुणी हललं नाही.

त्यानं एकेकाला नावानं हाक मारली. धमक्या दिल्या. मग पोलिसाला बोलावीन म्हणाला, आणि खरंच बोलावून आणला. पोलिसानं सामान पाहिलं, आम्हाला पाहिलं. बसलेल्या माणसांना उभं करायचा कायदा आपल्याला ठाऊक नाही, असं म्हणून तो निघून गेला. पाच दिवस सामान उन्हात पडून राहिलं. भिवंडीकडचे हमाल आणायला दौलतनं माणूस पाठवला. ते आले, आमच्याशी तासभर बोलले आणि आमच्याच शेजारी पायरीवर बसले.

सहाव्या दिवशी दुपारी दौलत एकटाच आला. अंगरख्याच्या बाह्या सावरून त्यानं एका ओझ्याचा दोर दोन्ही हातांनी धरला, गुडघ्यापर्यंत उचललं आणि खाली ठेवलं. हाताचे तळवे पाहिले. कुणीही हसलं नाही. मग तो आमच्यासमोर धक्क्याच्या दगडावर बसला.

"बोला," तो म्हणाला. "काय अटी आहेत तुमच्या?"

मी तोंड उघडलं होतं. पण आवडाबाई आधीच उभी राहिली होती.

"वर गेलेला मानूस खाली येनार," ती म्हणाली. "आदी मानूस, मंग सामान. हे पयलं. हे कबूल आसंल तर दुसरं सांगते."